विकर आहे, पण चालू आहे का?

पेशीत एखादं प्रथिन आहे की नाही, असलं तर किती, हे शोधणं आता नेहमीचं काम झालंय. पेशी फोडायच्या, त्यातली प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करायची, हव्या त्या प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड लावायचं. पट्टा गडद उमटला तर प्रथिन भरपूर, फिका उमटला तर कमी. पण ते प्रथिन विकर, म्हणजे एन्झाइम, असेल तर एवढ्यानं खरा प्रश्न सुटत नाही. विकर हजर आहे हे कळतं. ते त्या घडीला काम करतंय की नुसतंच पडून आहे, हे कळत नाही. पट्टा गडद आणि काम जवळजवळ शून्य, असं पेशीत सर्रास घडतं.

ही अडचण जिथे फार जाणवली आणि जिथे तिच्यावर मोठा सुरेख तोडगा निघाला, त्या विकरांचं नाव डीयूबिक्विटिनेझ. प्रयोगशाळेत एवढं लांब नाव कोणी घेत नाही, सगळे त्यांना 'डब' म्हणतात. आपणही तेच म्हणू. पण त्याआधी युबिक्विटिनची थोडी ओळख करून घ्यायला हवी.

युबिक्विटिन हे अवघ्या ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. १९७५ साली गिडिअन गोल्डस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं. यीस्टमधलं युबिक्विटिन आणि माणसातलं युबिक्विटिन यांच्यात ७६ पैकी फक्त ३ अमिनो आम्लांचा फरक आहे. उत्क्रांतीनं ज्याला इतकं कमी हात लावला, ते काहीतरी फार जरुरीचं काम करत असणार, हे उघडच आहे. ते काम म्हणजे खूण करणं. पेशी हे छोटं प्रथिन दुसऱ्या प्रथिनांना जोडते. युबिक्विटिनच्या शेपटाला शेवटी ग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल असतं, ते समोरच्या प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला बांधलं जातं. खुद्द युबिक्विटिनमध्येही ७ लायसिन आहेत. त्यामुळे एका युबिक्विटिनवर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं अशी साखळी तयार होऊ शकते. साखळी कोणत्या लायसिनवरून वाढली यावर खुणेचा अर्थ ठरतो. ४८ क्रमांकाच्या लायसिनवरून वाढलेली साखळी म्हणजे 'हे प्रथिन मोडीत काढा'. मग प्रोटिआसोम नावाची पेशीतली यंत्रणा त्या प्रथिनाचे तुकडे करते. ६३ क्रमांकावरून वाढलेल्या साखळीत मोडीचा निरोप सहसा नसतो. डीएनएची दुरुस्ती, पेशीच्या आतले संदेश, अशा कामांत ती दिसते. प्रथिनं मोडीत काढण्याची ही पद्धत उलगडल्याबद्दल इस्राएलच्या हैफा इथल्या टेक्निऑनमधले ॲरन चिएहानोव्हर आणि अव्राम हर्शको, आणि अमेरिकेतले आयर्विन रोझ यांना २००४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

जोडलेली खूण काढताही येते आणि ते काम डबचं. माणसात असे डब सुमारे १०० आहेत. कोणी पूर्ण साखळी उतरवतो, कोणी मधूनच कापतो, कोणी एका विशिष्ट प्रकारच्या साखळीलाच हात लावतो. मोडीत निघालेलं प्रथिन डबमुळे वाचू शकतं, त्यामुळे रोगांशी त्यांचा संबंध येणं ओघानंच आलं. सीवायएलडी हा डब आनुवंशिक दोषामुळे बिघडला, तर डोक्याच्या त्वचेवर गाठी येतात. बीएपी-१ बिघडला, तर फुप्फुसाच्या आवरणाचा आणि डोळ्यातला कर्करोग होण्याचा धोका वाढतो. यूएसपी-७ हा एमडीएम-२ या प्रथिनाला मोडीतून वाचवतो, आणि एमडीएम-२ पुढे पी-५३ या कर्करोगाला आवर घालणाऱ्या प्रथिनाचा काटा काढतं. म्हणजे यूएसपी-७ अडवला तर पी-५३ वाढायला हवं. औषध कंपन्यांचं लक्ष इकडे वळलं ते अशा हिशोबांमुळे.

आता मूळ अडचणीकडे येऊ. डब पेशीत असूनही बंद असण्याची कारणं एक ना दोन. यूएसपी-७ चंच पाहा. त्याच्या कामाच्या जागी तीन अमिनो आम्लं एकमेकांजवळ नीट जुळलेली असावी लागतात. पण एकटा असताना त्याची ही तिकडी विस्कटलेली असते. युबिक्विटिन येऊन बसलं की मगच ती जागेवर येते. यूएसपी-१४ मोकळा फिरत असताना जवळपास निकामी असतो, प्रोटिआसोमवर जाऊन बसला की त्याचं काम शेकडो पटींनी वाढतं. ओटीयूडी-५ ला फॉस्फेटचा एक गट चिकटल्याशिवाय तो चालत नाही. आणि बहुतेक डब ज्या गंधकाच्या जोरावर काम करतात, त्या गंधकाचं हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या पदार्थानं ऑक्सिडीकरण झालं की विकर तात्पुरतं बंद पडतं. यांपैकी कोणत्याच गोष्टीनं पट्ट्याचा गडदपणा बदलत नाही. म्हणून पट्टा पाहून 'या गाठीत अमुक डब वाढलाय' असं म्हणणारे निष्कर्ष मी जरा जपूनच वाचतो.

सापळा कसा रचतात

डबची ७ घराणी आहेत. त्यातली ६ सिस्टीन या अमिनो आम्लावर चालतात, सातवं जस्तावर. जस्तवाल्यांकडे नंतर येऊ. सिस्टीनमध्ये गंधकाचा एक अणू असतो. शेजारचं हिस्टिडीन हे अमिनो आम्ल त्या गंधकाचा हायड्रोजन ओढून घेतं, त्यामुळे गंधक भलताच तिखट होतो आणि युबिक्विटिनच्या शेवटच्या ग्लायसिनमधल्या कार्बनवर हल्ला चढवतो. बंध तुटतो, समोरचं प्रथिन मोकळं होऊन निघून जातं, आणि काही क्षण युबिक्विटिन विकरालाच जोडलेलं राहतं. मग पाण्याचा रेणू येतो, हा जोड सोडवतो, विकर पुढच्या कामाला तयार.

रसायनशास्त्रज्ञांनी नेमका हा क्षण हेरला. युबिक्विटिनच्या शेपटातलं शेवटचं ग्लायसिन काढून त्या जागी असा गट बसवायचा, की गंधक त्याच्यावर हल्ला तर करेल, पण त्यातून झालेला जोड पाण्याला सोडवता येणार नाही. उंदरांसाठी बाजारात मिळणारा चिकट पुठ्ठा आठवा: मधोमध खाऊ, भोवती डिंक. भुकेला उंदीरच त्याच्याकडे येतो, आणि आला की सुटत नाही. इथे युबिक्विटिन हा खाऊ, शेपटाचा गट हा डिंक. ज्या डबची तिकडी जुळलेली आहे, ज्याचं गंधक शाबूत आहे, तोच चिकटणार. बंद पडलेला डब शेजारी असला तरी कोरडाच राहणार. विकराच्या कामाचा वापर करूनच त्याला पकडायचं, म्हणून या रेणूंना क्रियाधारित शोधरेणू म्हणता येईल. सापळा हा शब्द मला जास्त सोयीचा वाटतो.

हे एका दिवसात सुचलेलं नाही. १९८६ साली सेसिल पिकार्ट आणि आयर्विन रोझ एका डबच्या कामाची तपासणी करत होते. त्यात युबिक्विटिनच्या टोकाला आल्डिहाइड गट आला, की विकर घट्ट अडकून बसतं, असं त्यांना आढळलं. पुढच्याच वर्षी हर्शको आणि रोझ यांनी युबिक्विटिन आल्डिहाइड हा डबना अडवणारा पदार्थ म्हणून मांडला. तो आजही वापरात आहे, पण त्याची पकड पलटणारी आहे. प्रथिनं उकळून जेलवर चढवली की जोड सुटतो. अडवण्यासाठी तो उत्तम, पकडून ओळख पटवण्यासाठी कुचकामी.

कायमची पकड आली २००१ साली. हार्वर्डमधल्या हिडे प्लूख यांच्या प्रयोगशाळेत अॅना बोरोडोव्स्की, बेनेडिक्ट केसलर आणि सहकाऱ्यांनी एमरी विद्यापीठातल्या कीथ विल्किन्सन यांच्या साथीनं युबिक्विटिनच्या शेपटाला व्हिनाइल सल्फोन हा गट बसवला. त्या रेणूला किरणोत्सारी आयोडीन लावून तो फोडलेल्या पेशींमध्ये मिसळला आणि जेलवर कोणकोणते पट्टे चमकतात ते पाहिलं. त्यातला एक पट्टा यूएसपी-१४ चा निघाला, आणि तो प्रोटिआसोमला चिकटलेला असतो हे याच प्रयोगातून पुढे आलं. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे प्रोटिआसोमला अडवणारं औषध दिल्यावर हा पट्टा कितीतरी गडद झाला. काम कुठे आणि कधी वाढतं हे थेट डोळ्यांना दिसलं, नुसत्या प्रमाणाच्या मोजमापातून ते कळण्याजोगं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याच चमूनं, त्यात आता ह्युब ओव्हाही होते, सापळा बनवण्याची रीतच बदलली. युबिक्विटिनच्या पहिल्या ७५ अमिनो आम्लांना इंटीन नावाच्या प्रथिनाच्या तुकड्याशी जोडून जिवाणूत वाढवायचं. इंटीन स्वतःला कापून घेतं आणि जाता जाता युबिक्विटिनच्या टोकाला थायोएस्टर हा क्रियाशील गट ठेवून जातं. मग त्या टोकाला आपल्याला हवा तो डिंक लावता येतो. या सोयीमुळे एकाच वेळी वेगवेगळ्या डिंकांचे बरेच सापळे करून पाहता आले. शिवाय युबिक्विटिनच्या डोक्याकडच्या टोकाला त्यांनी फ्लूच्या विषाणूतल्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनाचा ९ अमिनो आम्लांचा तुकडा लावला. या तुकड्याला ओळखणारी प्रतिपिंडं तयार मिळतात. त्यामुळे सापळ्यात अडकलेलं सगळं एका झटक्यात बाहेर ओढून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे वजन मोजून रेणूंची ओळख पटवणाऱ्या यंत्रात, तपासता आलं. एकूण २३ चालू डब हाती लागले. त्यांपैकी कित्येकांचं काम आधी कोणी दाखवलेलंच नव्हतं. एक तर ओटीयू घराण्यातला होता. या घराण्यातली विकरं युबिक्विटिन काढतात, हा तोवर कागदावरचा अंदाज होता.

मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत आवडता भाग २०१३ चा आहे. अल्काइन म्हणजे कार्बन-कार्बन तिहेरी बंध असलेला गट. पेशीतल्या कशाशीही तो आपणहून भिडत नाही, म्हणूनच क्लिक रसायनशास्त्रात त्याचा निर्धोक दांडा म्हणून वापर करतात. आधी तो रेणूला लावायचा आणि मागाहून त्यावर रंग चढवायचा. या रसायनशास्त्राला २०२२ चं नोबेल मिळालं, ते बऱ्याच अंशी या शांत स्वभावाच्या भरवशावर. नेदरलँड्सच्या कर्करोग संस्थेत ओव्हांच्या गटानं युबिक्विटिनच्या टोकाला प्रोपार्जिलअमाइन लावलं. त्यात अल्काइन आलंच. आणि हा शांत समजला जाणारा गट डबच्या गंधकाशी थेट, कायमचा जोडला गेला. त्याच वर्षी जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये हेनिंग मूट्झ यांच्या गटालाही हेच दिसलं. एरवी पेशीत असंख्य गंधकं मोकळी फिरत असतात, त्यांना अल्काइन विचारतही नाही. डबच्या खोबणीत मात्र युबिक्विटिन त्याला गंधकाच्या अगदी तोंडाशी नेऊन बसवतं आणि मग क्रिया होते. म्हणजे डिंक जेवढा मवाळ, तेवढा सापळा नेमका. व्हिनाइल सल्फोनसारखे तिखट गट कधीकधी भलत्याच गंधकांनाही चिकटतात, प्रोपार्जिलचं तसं फारसं होत नाही. आज डबवर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये हाच सापळा असतो. ओव्हा २०२० साली, ऐन उमेदीत गेले. त्यांच्या गटाचं काम लायडनमध्ये सहकाऱ्यांनी पुढे चालू ठेवलं आहे.

प्रत्यक्ष प्रयोग

प्रयोग ऐकायला अगदी साधा आहे. पेशी हलक्या हातानं फोडायच्या, त्यात सापळा मिसळायचा, काही मिनिटं ते तासभर ठेवायचं, मग उकळून जेलवर चढवायचं. सापळ्यात अडकलेल्या डबचं वजन युबिक्विटिनएवढं, म्हणजे साडेआठ किलोडाल्टनच्या (प्रथिनांचं वजन मोजायचं हे एकक) आसपास वाढतं, त्यामुळे त्याचा पट्टा जेलवर थोडा वर सरकतो. यूसीएचएल-१ सारखा २५ किलोडाल्टनचा छोटा डब असेल, तर खालचा मोकळा पट्टा आणि वरचा अडकलेला पट्टा असे दोन्ही स्वच्छ वेगळे दिसतात. दोघांची तुलना केली की किती टक्के विकर चालू होतं हे कळतं. १२८ किलोडाल्टनच्या यूएसपी-७ मध्ये मात्र एवढासा फरक दाखवायला जेल बरंच लांब चालवावं लागतं.

फसगत होते ती बारीकसारीक गोष्टींत. पेशी फोडण्याच्या द्रावणात गंधकाला ऑक्सिडीकरणापासून वाचवणारा पदार्थ, डीटीटी किंवा टीसीईपी, घालायला विसरलात तर निम्मे डब तुमच्या बाकावरच बंद पडतील आणि दोष पेशींच्या माथी जाईल. उलट, डीटीटी जास्त पडलं तर पेशीत खरोखरच ऑक्सिडीकरणानं बंद असलेले डब पुन्हा जागे होतील. एसडीएससारखा उग्र साबण वापरला तर विकराची घडीच मोडते. युबिक्विटिनच्या साखळ्या जपून ठेवायच्या असतात तेव्हा लोक एन-इथिलमलेइमाइड घालतात, कारण ते सगळी गंधकं गोठवतं. डबच्या प्रयोगात तेच घातलं की सापळा रिकामा. अर्थात मुद्दाम घातलेली अशी एक नळी प्रत्येक प्रयोगात असायलाच हवी. त्या नळीतही पट्टा उमटला, तर तो पट्टा डबच्या कामामुळे आलेला नाही. दुसरी कसोटी म्हणजे सिस्टीनच्या जागी ॲलनिन घातलेलं उत्परिवर्तित विकर. त्याला सापळा चिकटता कामा नये. आणि सापळा ढीगभर ओतला तर अर्धवट चालू असलेला डबसुद्धा अखेर पूर्ण अडकतो आणि दोन नमुन्यांतला फरक पुसला जातो. शोधनिबंधात सापळ्याचं प्रमाण आणि वेळ दिलेली नसेल, तर त्यातल्या सुंदर जेलकडे मी फारसं लक्ष देत नाही.

आता हाच प्रयोग मास स्पेक्ट्रोमीटरला जोडून एका फटक्यात डझनावारी डब मोजता येतात. ऑक्सफर्डमध्ये केसलर यांच्या गटानं २०१९ साली स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ या पेशींमध्ये प्रोपार्जिलचे सापळे वापरून ७४ डबची नोंद केली. २००२ च्या २३ शी ताडून पाहिलं तर मधल्या काळात किती वाट चालून झाली ते कळतं. त्यात यूएसपी-१३, यूएसपी-३९ आणि यूएसपी-४० हे तिघं सापळ्याला अजिबात दाद देत नव्हते. पेशीत असूनही, निदान त्या परिस्थितीत, कामावर नसलेले.

सापळ्यात आलेले अनोळखी

माझ्या मते सापळ्याची खरी कमाई वेगळीच आहे. जनुकाचा क्रम वाचून जे डब ओळखता आले नसते, ते त्यानं आणून दिले. २००५ साली प्लूख यांच्याच प्रयोगशाळेत ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस विषाणूनं पेशी संसर्गित केल्या आणि त्यात सापळा टाकला. निरोगी पेशींत नसलेला एक पट्टा उमटला. तो निघाला विषाणूच्या यूएल-३६ या अवाढव्य प्रथिनाच्या सुरुवातीच्या, सुमारे ५०० अमिनो आम्लांच्या तुकड्याचा. त्याचा क्रम तेव्हाच्या कोणत्याही ज्ञात डबशी जुळत नव्हता, त्यामुळे संगणकावर शोध घेऊन तो सापडलाच नसता. मग उलट दिशेनं शोधल्यावर कळलं की ही कात्री सगळ्या हर्पिस घराण्यात जपलेली आहे. कांजिण्यांचा विषाणूही त्याच घराण्यातला. पुढच्या वर्षी क्लॅमिडिया या जिवाणूतले दोन डबही असेच मिळाले. पेशी युबिक्विटिनच्या खुणांनी शत्रूशी लढते, आणि शत्रू त्या खुणा पुसायची हत्यारं घेऊन येतो. करोनाच्या साथीत सार्स-कोव्ह-२ च्या पीएलप्रो या विकरावर जे काम झालं, त्यातही हेच तंत्र कामी आलं. जुन्या सार्स विषाणूचं पीएलप्रो युबिक्विटिनची ४८ वाली साखळी आवडीनं कापतं. नव्याचा ओढा मात्र आयएसजी-१५ या युबिक्विटिनसारख्या, विषाणूविरोधी प्रथिनाकडे जास्त आहे. दोघांनाही युबिक्विटिनचा आणि आयएसजी-१५ चा असे दोन्ही सापळे लावून पाहिले की कोणाची आवड कोणती ते लगेच दिसतं.

माणसातही असंच घडलं. २०१८ साली झेडयूएफएसपी हे प्रथिन एका संपूर्ण नव्या घराण्याचा डब असल्याचं चार वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. त्यांच्यातल्या एका गटाची वाट सापळ्यातूनच गेली होती. पकडलेल्या प्रथिनांचे तुकडे करून, सापळा नेमक्या कोणत्या सिस्टीनला चिकटलाय हे मास स्पेक्ट्रोमीटरनं शोधलं. ज्या प्रथिनात असा जोड सापडला पण ज्याची डब म्हणून ओळख नव्हती, ते झेडयूएफएसपी. ते ६३ वाल्या साखळ्या कापतं आणि डीएनएची मोडतोड झाल्यावर कामाला येतं.

औषधाची परीक्षा

डबला अडवणारं औषध शोधायचं असेल तर सापळा उलटा वापरतात. आधी पेशींना औषध द्यायचं, मग पेशी फोडून सापळा टाकायचा. औषधानं ज्या डबची खोबण आधीच भरून टाकली आहे, तो सापळ्यात येणार नाही. एकाच प्रयोगात दोन उत्तरं मिळतात: औषध हव्या त्या डबपर्यंत पेशीच्या आत पोचलं का, आणि बाकीच्या डबना त्यानं हात लावला का.

ही परीक्षा किती जरुरीची आहे हे व्हीएलएक्स-१५७० या रेणूच्या कहाणीतून कळतं. त्याचा पूर्वज बी-एपी-१५ हा २०११ साली स्वीडनमधून पुढे आला. तो प्रोटिआसोमवरच्या यूएसपी-१४ आणि यूसीएचएल-५ या दोन डबना अडवतो असं त्याबद्दल सांगितलं जात होतं. त्यातून सुधारलेला व्हीएलएक्स-१५७० मल्टिपल मायलोमाच्या, म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाच्या, रुग्णांवर पहिल्या टप्प्याच्या चाचणीत गेला. सर्वांत मोठ्या मात्रेवर दोन रुग्णांची श्वसनक्रिया अचानक ढासळून ते दगावले आणि चाचणी थांबवावी लागली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत दिसलं, की हे दोन्ही रेणू पेशीतल्या कितीतरी भलत्याच प्रथिनांना चिकटतात, त्यांना एकमेकांत गुंतवून गोळे करतात, आणि ज्या दोन डबसाठी ते बनवले त्यांच्याशी त्यांचं वैर काही खास नाही. रुग्णांच्या मृत्यूचं कारण थेट हेच, असं यावरून म्हणता येत नाही. पण असली तपासणी चाचणीच्या आधी व्हायला हवी होती, नंतर नव्हे, एवढं म्हणायला माझी हरकत नाही. यूएसपी-७ विरुद्धचे २०१७ सालापासून आलेले रेणू मात्र सुरुवातीपासूनच अशा सापळ्यांच्या कसोटीतून गेलेले दिसतात, आणि त्यांची नेमकेपणाची पातळी फारच वरची आहे.

सापळ्याच्या मर्यादाही आहेत आणि त्या क्षुल्लक नाहीत. पहिली म्हणजे आकार. युबिक्विटिन छोटं असलं तरी औषधाच्या गोळीतल्या रेणूपेक्षा वीसेक पटींनी मोठं, जिवंत पेशीच्या पटलातून ते आत शिरत नाही. म्हणूनच बहुतेक प्रयोग फोडलेल्या पेशींवर होतात, आणि पेशी फोडली की आतली बांधाबांध विस्कटतेच. यावर लोकांनी नाना उपाय केले. विजेचा झटका देऊन पटलाला क्षणभर भोकं पाडली, जिवाणूंची भोकं पाडणारी विषं अगदी थोड्या प्रमाणात वापरली, सापळ्याला आर्जिनिन या अमिनो आम्लाचं वेटोळं जोडून त्याला आत ढकललं. तिन्ही चालतात, पण तिन्हींमध्ये पेशीला थोडाफार त्रास होतोच.

दुसरी मर्यादा साखळीची. साधा सापळा म्हणजे एकटं युबिक्विटिन. ४८ वाली साखळी कापणारा आणि ६३ वाली कापणारा हे दोन्ही डब त्याला सारखेच चिकटतील. म्हणून दोन युबिक्विटिन जोडलेले सापळे बनवले गेले. काहींत डिंक दोन युबिक्विटिनच्या मधोमध असतो, म्हणजे बरोबर जिथे कात्री चालते तिथे. काहींत तो टोकाला असतो आणि मधला जोड न तुटणारा ठेवतात. पहिल्या प्रकारानं डब कोणता जोड कापतो ते कळतं, दुसऱ्यानं तो कोणत्या साखळीवर बसणं पसंत करतो ते. ओटीयूडी-२ आणि ओटीयूडी-३ यांना साखळीतलं दुसरं युबिक्विटिन धरायला वेगळी खोबण आहे, हे दुसऱ्या प्रकारानंच उघड केलं. असे रेणू जिवाणूत वाढवून मिळत नाहीत. २०१० साली ओव्हांच्या गटानं संपूर्ण युबिक्विटिन एकेक अमिनो आम्ल जोडत रासायनिक पद्धतीनं बनवण्याची व्यवहार्य रीत काढली, तेव्हा कुठे हव्या त्या जागी हवा तो बदल करणं आवाक्यात आलं.

आणि मग ते जस्तवाले. जेएएमएम घराण्यातल्या डबमध्ये हल्ला करणारा गंधकच नाही. जस्ताच्या अणूनं धरलेला पाण्याचा रेणू ते काम करतो, त्यामुळे आजवर वर्णन केलेला एकही डिंक त्यांना लागू पडत नाही. प्रोटिआसोमच्या तोंडाशी बसून प्रत्येक प्रथिन आत जाताना त्याची साखळी उतरवणारा आरपीएन-११ हा याच घराण्यातला, म्हणजे डबच्या यादीतला फार मोठा मानकरी, आणि नेमका तोच या जेलवर दिसत नाही. २०१९ साली युबिक्विटिनला मर्कॅप्टोक्विनोलिन हा जस्त पकडणारा गट लावून या घराण्यासाठी पहिला सापळा बनवण्यात आला. पण जस्ताला धरणं हा कायमचा रासायनिक जोड नव्हे, त्यामुळे सिस्टीनवाल्यांइतकी भक्कम पकड अजून तरी नाही.

सध्याचा ओघ लहान रेणूंकडे आहे. सगळे डब एकदम पकडण्याऐवजी एकाच डबला ओळखणारा, जिवंत पेशीत आपणहून शिरणारा आणि प्रकाशानं दिसणारा रेणू हवा. २०२० साली लायडनच्या पॉल खेउरिंक यांच्या गटानं यूसीएचएल-१ साठी असा रेणू दाखवला. यूसीएचएल-१ चेतापेशींत भरपूर असतो आणि काही कर्करोगांतही वाढलेला आढळतो. सायनॅमाइड गटावर आधारलेल्या त्या रेणूनं झेब्रामाशाच्या भ्रूणात, भ्रूण जिवंत असतानाच, हा डब कुठे काम करतोय ते दाखवलं. अशा रेणूत युबिक्विटिन नसतं, म्हणजे नेमकेपणाची सगळी जबाबदारी छोट्याशा सांगाड्यावर येते, आणि तो भलत्या प्रथिनांना धरत नाही ना हे स्वतंत्रपणे दाखवावं लागतं. त्यासाठी आधी हा रेणू आणि मागून युबिक्विटिनचा जुना सापळा टाकून उरलेले डब मोजतात. शंभरेक डबपैकी असे वैयक्तिक रेणू आज मोजक्यांसाठीच आहेत.